बोकडावरची आई

मालन आमच्याकडे धुणंभांडी करायची. तिच्याबद्दल वाईट बोलायला मला तिने कधी जागा ठेवली नाही, आणि तरी मी तिचं जे केलं ते वैऱ्यानेही केलं नसतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्यासाठी कुणी उगाच हळहळायला नको.

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. आम्ही अंधेरीला, स्टेशनच्या पूर्वेला राहत होतो. आमचे हे, म्हणजे श्यामकांत, मुंबईतल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. कॉलेजात मुलांना इतिहास आणि घरी मला अक्कल. देवधर्म, उपासतापास, नवससायास या शब्दांवर त्यांच्या कपाळाला आठी पडायची. घरात देव्हारा होता, पण सासूबाई गेल्यापासून तो पुस्तकं ठेवायला घेतला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्यावर हे कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं, असं वाटण्याइतकं ते बोलत नसत.

मालन मालवणाकडची. नवरा गिरणीत होता, तो वारल्यावर ती मरोळच्या पलीकडे गुणाजीच्या वाडीत एका खोपटात राहायची. पंचवीस-तीस घरं, सगळी कोकणातली, आणि त्यांचा म्होरक्या गुणाजी. तो म्हणेल ती पूर्व. वाडीच्या मागे टेकाडावर पोर्तुगीज काळातलं एक पडकं चर्च होतं. गावातल्या ख्रिस्ती लोकांनी पणजोबांच्या काळातच रस्त्याकडेला नवं बांधलं आणि हे सोडून दिलं. छप्पर गेलेलं, भिंतींवर पिंपळ. फक्त आतल्या बाजूची एक कमानीची खोली तेवढी शाबूत होती. मालन तिथे शेळी बांधायची. एकदा भिंतीला टेकून बसली नि उठली तर पाठीला चुन्याचा पोपडा चिकटून आला, आणि चुन्याखालून एक डोळा तिच्याकडे बघत होता.

दुसरी कुणी किंचाळत पळाली असती. मालनने नारळाची करवंटी आणली आणि खरवडायला बसली. रोज काम आटोपून जायची, शेळी सोडायची आणि चुना खरवडायची. अशी तीन वर्षं. भिंतीतून सात बायका निघाल्या. ओळीने, प्रत्येकीखाली एकेक जनावर, सातजणींच्या गळ्यांतून ओवलेली एकच साखळी, आणि ओळीच्या टोकाला एक अजस्र मासा, जबडा उघडलेला.

सात बायका, ओळीने, प्रत्येकीला वाहन! कोकणातल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? वाडीने एकदा बघितलं आणि हात जोडले. साती आया. त्या दिवसापासून मालन त्यांची पुजारीण झाली. धुणंभांडी करणारी बाई टेकाडावर चढली की लोक तिच्या पाया पडायचे.

मला तिने तिकडे नेलं ते पौषातल्या एका मंगळवारी, दुपारी. हे कॉलेजात होते. मी खण, नारळ, तांदूळ पिशवीच्या तळाशी घातले आणि वर कोथिंबिरीची जुडी ठेवली. चोरी करायला निघाल्यासारखी मी निघाले.

आत गार होतं, तेलाचा वास होता. मालनने एकेकीची ओळख करून दिली, घरातल्या माणसांची करून द्यावी तशी. "ही थोरली. सिंहावर बसते, मुकुट तिचाच. ही माकडावरची. पेटी कशी उराशी धरून बसलीय बघा, हरवलेली वस्तू हिच्याकडे मागायची. ही कुत्र्यावरची, दोन्हीकडे बोटं दाखवते, जावाजावांचा निवाडा करते. ही डुकरावरची, हिच्या हातात मटणाची तंगडी नि पाण्याचा घडा. हिच्या घरात कुणी उपाशी नाही."

"डुकरावर?" मी म्हटलं.

"इष्णूनं डुकराचा अवतार घेतला तो चालला, आणि आईनं नुसतं बसायचं पण नाही काय?"

पुढची अस्वलावर बसून स्वतःच्याच छातीत सुरी खुपसत होती. मी दचकले. मालन म्हणाली, "लेकरांना रगत पाजते. दूध आटलं तर आणखी काय करील आई?" त्यापुढे गाढवावरची, डोळे मिटलेली. शितळा, देवीच्या आजाराची आई. आणि शेवटी बोकडावरची. हिरवा झगा, एका हातात आरसा, आणि दुसऱ्या हाताने झग्याचं टोक गुडघ्यापर्यंत उचललेलं.

"तिने ओटी पसरलीय बघा," मालन हळू म्हणाली. "तिला द्यायचं आणि तिच्याकडून घ्यायचं. घाला बाई, लाजू नका."

मी घातली. नऊ वर्षांत जे कुणापुढे रडले नव्हते ते त्या बोकडापुढे रडले.

डोळे पुसते आहे तोच गुणाजीची सून नलिनी आली. कडेवर तीन-चार वर्षांचा मुलगा, अंगावर फोड, तापाने फणफणलेला. तिने त्याला गाढवावरच्या आईच्या पायाशी ठेवलं. मालनने त्याच्या कपाळाला हात लावला आणि एकदम वसकली.

"नलू, ह्या हय काय आणलंस? पयलां हास्पिटलात ने! मगे आयेच्या पायार घाल!"

"मामा नको म्हणतत," नलिनी सासऱ्याबद्दल म्हणाली. "आई आसताना डाक्टर कित्याक, म्हणतत."

"आयेन माका सांगल्यान, नेऊक सांग म्हणान. जा, मामांका सांग मालन म्हणता."

नलिनीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मीही म्हटलं, "ने गं, पोराला ने." ती पोराला उचलून गेली. घरीच गेली. चौथ्या दिवशी तो गेला. वाडी म्हणाली, आईने आपला नेला. गुणाजीही तेच म्हणाला, आणि पाच नारळ फोडले.

माघ सरता सरता माझी पाळी चुकली.

आता खरा मूर्खपणा माझा. आनंद माणसाला पोटात ठेवता येत नाही. मी नवसाचं सांगितलं नाही, तेवढी शहाणी होते. पण एका संध्याकाळी, यांना जरा खुशीत बघून, बोलून गेले की आमच्या मालनच्या वाडीमागे पडक्या चर्चमध्ये म्हणे जुनं चित्र आहे. जनावरांवर बसलेल्या सात बायका. ऐकलंय हो, मी कशाला बघायला जातेय.

यांचा चहाचा कप अर्ध्यावर थांबला. रविवारी कॅमेरा घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात कॉलेजातल्या एका म्हाताऱ्या पाद्र्याला फोटो दाखवून आले ते नाचतच.

"सात पापं आहेत ती, वसुधा! गर्व, लोभ, मत्सर, खादाडपणा, क्रोध, आळस आणि वासना. युरोपात मध्ययुगात चर्चच्या भिंतींवर काढायचे, अडाणी लोकांना धाक बसावा म्हणून. आपल्याकडे असलं काही असेल हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं. आणि ही वाडीतली येडी त्यांना तेल वाहतायत! ती बोकडावरची माहितेय कोण? वासना! झगा वर करून बसलीय भवानी, आणि बायका तिच्याकडे पोरं मागतात म्हणे!"

ते हसले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मी भात वाढत होते. त्यांच्या ताटात मी आणखी एक डाव घातला. माझ्या पोटात तेव्हा दीड-दोन महिन्यांचं होतं, आणि ते कुणाच्या कृपेचं आहे हे मला आत्ता कळत होतं. नऊ वर्षं वांझ राहिलेली प्रोफेसरांची बायको वासनेकडे पदर पसरून आली! हे मला कधी क्षमा करणार नव्हते, आणि अंधेरीभर लोक बोटांवर महिने मोजणार होते ते वेगळंच.

एवढ्यावर भागलं असतं. पण यांना भिंत स्वच्छ हवी होती. चित्राखाली लॅटिन अक्षरं होती, ती तेलाशेंदराने बुजली होती. त्यांनी मालनला बोलावून सांगितलं, सोड्याच्या पाण्याने सगळं धुऊन काढ.

मालन म्हणाली, "साहेब, तुमचं काय पण काम सांगा. आयांची अंगं उघडी नाही करायची मी."

"त्या आया नाहीत, मालन."

"तुमच्या नसतील."

भांडी घासणारी बाई यांना नाही म्हणाली, आणि वर उत्तरही देऊन गेली. हे त्या रात्री जेवले नाहीत. मी त्यांना चांगली ओळखते. सत्यासाठी वगैरे काही नाही, त्या एका वाक्यासाठी ते चैत्री पौर्णिमेला वाडीवर गेले.

पौर्णिमेला साती आयांचा उत्सव असायचा. "तूही चल," हे म्हणाले. "तुझ्यामुळे तर सापडलं." मी डोकं दुखतंय म्हटलं, मळमळतंय म्हटलं. टांगा आला होता. गेले.

सकाळचे दहा वाजले असतील. सगळी वाडी त्या खोलीत आणि खोलीबाहेर दाटली होती. उत्सवाचा म्हणून बाहेरच्या भिंतींना चुना मारायचा होता, दाराशीच खड्ड्यात चुनकळी नुकती भिजत घातली होती, ती खदखदत होती. मालन नवं हिरवं लुगडं नेसून आयांच्या पायाशी बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. पोटाकडे नजर गेली आणि तिने पटकन दुसरीकडे बघितलं. मी न सांगताच तिला कळलं होतं, आणि ते गुपित तिने डोळ्यांतसुद्धा दिसू दिलं नाही.

हे छडी घेऊन उभे राहिले आणि बोलले. बोलायचे छान, त्यात शंका नाही. एकेका चित्रावर छडी ठेवून सांगत गेले. हा गर्व. हा लोभ. ही खादाड, ती तंगडी कसली आहे ते सांगत नाही, तुम्हाला घास गिळवणार नाही. ही साखळी दागिना नव्हे, बेडी आहे.

"पण साहेब," मालन उठून म्हणाली, "ह्या दर्यातून आल्या. माशाच्या तोंडातून. आम्ही पण दर्याकडलीच."

"आल्या नाहीत गं बाई," हे अगदी गोड आवाजात म्हणाले. "चालल्यात. तो मासा नव्हे, नरकाचं तोंड आहे. जनावरांची तोंडं बघ कुठल्या बाजूला आहेत."

सगळ्यांनी बघितलं. जनावरांची तोंडं माशाकडे होती. इतकी वर्षं रोज बघत होते आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग गुणाजी पुढे आला.

"गाढवावरची कोण म्हणालास, मास्तर?"

"आळस."

"म्हंजे माझो नातू आळसाच्या पायार मेलो?"

यांनी छडी खाली घेतली. एवढ्या हुशार माणसाला तोवर सुचलंच नव्हतं की समोरच्यांना नातवंडंही असतात.

गुणाजी मालनकडे वळला. "तू आमका पापाच्या पायार घातलंस. तुया हाडळीन माझो झील खाल्लंस." झील म्हणजे पोर. त्याचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच बायकांनी पोरं जवळ ओढली.

"मिया सांगललंय हास्पिटलात नेवा म्हणान," मालन म्हणाली. "नलूक इचारा."

गुणाजीने सुनेकडे नुसतं बघितलं. नलिनीने पदर तोंडात धरला आणि मान हलवली. नाही. तिला रोज त्याच घरात शिजवायचं होतं, तिला मी आजही दोष देत नाही.

"खोटां बोलतंस, रांडे," गुणाजी म्हणाला, आणि मालनच्या थोबाडीत दिली. ती खाली बसली. मग कुणीतरी तिचे केस धरले. तेव्हा तिने गर्दीतून मला शोधलं.

"वसुधाबाई होत्या तिथं! त्यांनी ऐकलं! बाई, सांगा ना, मी काय बोलले ते!"

सगळी वाडी माझ्याकडे वळली. एक वाक्य. हो, मी होते, तिने इस्पितळात न्यायला सांगितलं होतं. एवढंच. प्रोफेसरांच्या बायकोचा शब्द गुणाजीनेही खाली पडू दिला नसता. पण पुढचा प्रश्न यांचा असता. तू इथे काय करत होतीस?

हे माझ्याआधी हसले. "ही? अहो, ही कशाला येईल इथे?" आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता, नुसती खात्री होती.

"मी आज पहिल्यांदाच येतेय," मी म्हटलं.

आवाज जराही कापला नाही. मलाच नवल वाटलं.

मालनला तेव्हाही सांगता आलं असतं. बोकडावरच्या आईच्या पायाशी माझा खण होता, मोरपंखी, काठाला माझ्या हातचा कशिदा. तो उचलून दाखवला असता तर यांनी लगेच ओळखला असता. तिने त्या खणाकडे बघितलं. मग माझ्या पोटाकडे. मग मान खाली घातली आणि म्हणाली, "नाय. माझीच चूक झाली. दुसऱ्या बाई होत्या कोण तरी."

त्यानंतर तिला मारलं. बायकांनी जास्त. कारण आता जिचं जे जे बिघडलं होतं, गर्भ पडला होता, नवरा दुसरीकडे गेला होता, म्हैस मेली होती, ते सगळं मालनच्या पदरात होतं. आयांना हात लावायचं धाडस कुणाला नव्हतं. पापं असोत की देवी, भिंतीची भीती होतीच. मालनची नव्हती.

शेवटी गुणाजी म्हणाला, "तुझ्या हातान उघडलंस, तुझ्या हातान धाप." आया झाकायला दारातल्या खड्ड्यातून चुन्याची घमेली भरून आणली. तो चुना अजून शिजत होता, वाफ येत होती. कुंचला मागितला तर हसले. तिने हाताने घेतला. पहिल्यांदा ओरडली, मग ओरडली नाही. थोरलीपासून सुरुवात केली. मुकुट, डोळे, सिंह. जिथे चुना लागे तिथे ती पुटपुटे. मी जवळ होते, मला ऐकू आलं. ती आयांची माफी मागत होती.

आणि आमचे हे तेव्हा मध्ये पडले. मला क्षणभर बरं वाटलं, की चला, याला तरी माणुसकी आहे.

"अहो, काय करताय हे!" ते रडकुंडीला आले होते. "चारशे वर्षांचं चित्र आहे! असं कुठे दुसरं नाही! गुणाजी, पाया पडतो तुमच्या... निदान पातळ तरी लावा हो!"

मालन पातळ लावू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली. हातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या, त्यातून पाणी गळत होतं. दारातच उभी राहिली. "बाई, आठ दिवस सांभाळून घ्या. हात बरे होईपर्यंत."

आत हे फोटोंवर लेख लिहीत बसले होते. तिला घरात घेतली तर कधीतरी, कशावरून तरी, यांच्यासमोर तोंडातून निघेल. तिच्या नव्हे, माझ्याच. तिच्याकडे बघून मलाच बोलावंसं वाटेल. मी म्हटलं, "मी दुसरी बाई ठेवली आहे."

ठेवली नव्हती. पुढे महिनाभर मीच भांडी घासली.

"बरं," ती म्हणाली. जायला वळली आणि थांबली. "तिसरा लागला ना? बादली उचलू नका भरलेली."

यांचा लेख छापून आला, नाव झालं. चुन्याखालची भिंत पुढच्या पावसाळ्यात कमानीसकट बसली. मालनला वाडीत राहू दिलं नाही. मरोळच्या रस्त्यावर तबेल्यांना गवत कापून घालते असं कानावर यायचं. नीट मूठ वळत नाही, कोयता मनगटाला बांधून कापते, असंही.

आश्विनात मला मुलगी झाली. गोरी, टपोऱ्या डोळ्यांची. यांनी तिला दोन्ही हातांत घेतलं तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज कापलेला मी ऐकला.

दीड महिन्याची असताना मी तिला दुपारच्या उन्हात अंगणात घेऊन बसले होते. फाटकाशी मालन उभी होती. कधीपासून होती कोण जाणे. वाळली होती, केस पिकले होते. आत आली नाही. फाटकावर ते बोटं जुळलेले दोन हात ठेवले आणि हसली, अगदी त्या मंगळवारी हसली होती तसं.

"बाई, नुसती बघते. लांबूनच."

तिचा हक्क होता. या जगात त्या पोरीवर माझ्याखालोखाल कुणाचा हक्क असेल तर तिचा होता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आणि मी पदर ओढून पोरीचं तोंड झाकलं. यांच्या भीतीने नाही, हे घरात नव्हते. लोकांच्या भीतीने नाही, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मला तिच्या नजरेची भीती वाटली. ज्या बाईचं एवढं वाटोळं झालंय ती माझ्या भरल्या मांडीकडे बघतेय, या विचाराने अंगावर काटा आला. गुणाजीच्या वाडीने जे मानलं तेच मीही मानत होते, आणि खोटं काय होतं ते मला एकटीलाच माहीत होतं.

मालनचं हसू तसंच थोडा वेळ तोंडावर राहिलं. मग ती गेली.

मी आत आले, फाटकाला कडी घातली का ते दोनदा बघितलं, आणि शेगडीवर निखारे फुलवले. मूठभर मीठ, मोहरी, दोन लाल मिरच्या घेऊन पोरीवरून सात वेळा उतरवल्या. आल्यागेल्याची, भुताखेताची, पापिणीची. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून नाव घेतलं. मालनची. आणि मूठ निखाऱ्यांवर टाकली.

मोहरी तडतडली, चांगली जोरात. दृष्ट होती म्हणायची. मला फार बरं वाटलं.